पोटावरची पिशवी आणि नदीकाठची सायकल

ज्या बाईच्या पोटावर नुकतीच पिशवी लागली आहे तिच्यासाठी मी हे लिहिते आहे. वॉर्डातल्या सिस्टरने सांगितलं होतं, "आंटी, बोलना नहीं आता तो लिख दो, मैं नए मरीज़ को पढ़ा दूँगी." माझं शिक्षण चौथीपर्यंत. ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी शाळेत चौथीच्या पुढे वर्ग नव्हते आणि पुढची शाळा घरच्यांना लांब वाटली. तेव्हा चुका असतील. पण खोटं लिहिणार नाही. आपल्या लोकांना कोणीतरी "धीर धरा, सगळं छान होतं" असं सांगत असतं. मला छान काही दिसलं नाही. मला किळस आली. स्वतःची आली, इतरांची आली, आणि अजूनही येते.

मूळव्याध

वर्षभर रक्त पडत होतं. मी ते मूळव्याध समजले, म्हणजे तसं समजायचं ठरवलं. ताक प्यायले, सुरण खाल्लं, इसबगोल घेतलं. कोणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे जागा सांगावी लागते, आणि डॉक्टर पुरुष असला तर दाखवावी लागते. आमच्या घरात बायका डोकेदुखीसुद्धा हळू आवाजात सांगतात.

शेवटी एका सकाळी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले तेव्हा यांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, माझ्या मुलीएवढे. त्यांनी कुशीवर वळायला सांगितलं आणि तपासलं. मी भिंतीवरच्या पाण्याच्या डागाकडे बघत होते. हात धुताना त्यांनी विचारलं, "इतने दिन क्यों नहीं आईं?"

मी पुन्हा त्या डागाकडे बघितलं. हे म्हणाले, "साहब, ये बोलती कम हैं."

"बीमारी तो नहीं सुनती ना ये सब," डॉक्टर म्हणाले.

तपासायला आतला तुकडा काढून पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आठवड्याने आला. कॅन्सर. तेवढं कळलं, पण मला जास्त लागलं ते दुसरंच. डॉक्टर म्हणाले की खालची वाट कायमची बंद करावी लागेल आणि पोटावर नवी वाट काढतील. तिथे पिशवी लागेल, जन्मभर. हे खाली बघत होते.  घरी आल्यावर त्यांनी जाऊबाईंना, म्हणजे आमच्या अक्कांना सांगितलं, "मूळव्याधीचं ऑपरेशन आहे." मी ऐकलं आणि मला बरंच वाटलं.

पहिल्यांदा पाहिलं तो दिवस

ऑपरेशननंतर चार दिवस मी पोटाकडे बघितलं नाही. सिस्टर पिशवी रिकामी करायची तेव्हा मी डोळे मिटून पदर नाकावर धरायची. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "देखो तो सही आंटी, काटेगा नहीं."

पाहिलं. बेंबीच्या डाव्या बाजूला, खाली, लाल ओलं मांस. जिवंत. हलत होतं. मला उलटी झाली. टाके ओढले गेले आणि मी ओरडले. शेजारच्या खाटेवरची म्हातारी तिच्या सुनेला म्हणाली, "हमें उधर वाला पलंग दिला दो." सुनेने दुपारी खाट बदलून घेतली. मला राग आला नाही. मलाही खाट बदलून हवी होती.

वॉर्डातले दिवस सारखेच. सहाला फिनाईलचा पोछा, सातला चहा, दहाला डॉक्टरांचा राउंड. राउंडला सात-आठ शिकाऊ मुलं-मुली यायची आणि डॉक्टर माझं पोट उघडं करून त्यांना दाखवायचे. एकही जण माझ्या तोंडाकडे बघायचा नाही. एका मुलीने मात्र जाताना चादर नीट केली. सगळ्या वॉर्डात मला तेवढंच चांगलं आठवतं, म्हणून लिहून ठेवते.

उदबत्ती

आमचं घर दर्पण कॉलनीत आहे. हे, मी आणि अक्का, एवढीच माणसं. अक्का माझ्या थोरल्या दिरांच्या मागे आमच्याकडे राहतात. सासरचे पूर्वज पूजाअर्चा करणारे, त्यामुळे देवघर आणि स्वयंपाकघर यांचं सोवळं अजून आहे. अंघोळ करून धूतवस्त्र नेसल्याशिवाय मीसुद्धा तीस वर्षं चुलीला हात लावला नाही.

पिशवी लपली नाही. घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी अक्कांना कळलं. त्या वाईट बोलल्या नाहीत. "सुमन, तू आता आराम कर. देवाचं आणि स्वयंपाकाचं मी बघते," इतकंच म्हणाल्या. मग माझं ताट वेगळं झालं, पेला वेगळा झाला, आणि जेवण मागच्या खोलीत येऊ लागलं. खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. पोटावर चोवीस तास घाण बांधून फिरणाऱ्या बाईने कुठलं सोवळं नेसायचं? अंघोळ केली तरी ती सोबतच.

यांनी एकदा पिशवी बदलायला मदत केली. अर्ध्यात उठून बेसिनकडे पळाले. नंतर कधी आले नाहीत, पण माझ्या खोलीत सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावू लागले. मी विचारलं, "वास येतो का हो?"

"छे, कुठे काय! मला तर काही नाही येत." आणि दुसरी काडी पेटवायचे.

त्या मोगऱ्याच्या उदबत्तीची मला जेवढी शिसारी बसली तेवढी पिशवीचीही नव्हती.

मग मी एक उपाय शोधला. जे आत जाणार नाही ते बाहेर येणार नाही. सकाळी चहा, दुपारी अर्धी पोळी, रात्री काही नाही. पिशवी जवळजवळ कोरडी राहू लागली. मला ते जिंकल्यासारखं वाटे. सहा महिन्यांत माझं वजन अडतीस किलोवर आलं. तपासणीला डॉक्टर म्हणाले, "कैंसर तो निकल गया. अब आप भूख से मरेंगी क्या?" हे घरी येऊन माझ्यावर ओरडले. अक्का म्हणाल्या, "जबरदस्ती कशाला करता, तिला नसेल जात." मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि खाल्लं नाही.

मीनूचं गाव

आमची एकुलती एक मुलगी मीनू जर्मनीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. ऑपरेशनला आली होती, पण तेव्हा मी तिला जखमेजवळ येऊ दिलं नव्हतं. व्हिडिओवर माझी गळ्याची हाडं बघून तिने यांना फोन केला आणि मला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. विमानात पिशवी भरेल या भीतीने मी आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं.

तिचं गाव लहान आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे, मधून एकच रस्ता. लोक म्हणतात परदेश स्वच्छ असतो. संडासात पाणी नाही! कागद! ज्या देशाला धुणं माहीत नाही त्याला स्वच्छ कसं म्हणायचं? चीज उघडलं की मला माझीच पिशवी फुटल्यासारखं वाटे. शेजारची मार्था नावाची म्हातारी तिच्या कुत्र्याला स्वतःच्या ताटात चाटू द्यायची. मी मीनूला म्हटलं, "तुझ्या या लोकांमध्ये मी बरी खपून जाईन."

"आई, खा म्हटलं की नको, आणि नावं ठेवायला ताकद कुठून येते गं?" मीनू म्हणाली.

ती रोज माझ्यासाठी भात-वरण करायची. मी चार घास घ्यायची. ती ताटाकडे बघायची, मी खिडकीकडे बघायची.

उन्हाळ्यात तिथे एक रविवार असा असतो की नदीकाठचा तो रस्ता दिवसभर मोटारींना बंद करतात. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत त्यावर फक्त सायकली. मीनूने महिनाभर तेच लावून धरलं होतं. मी आयुष्यात सायकल चालवली नव्हती. पण मार्थाकडे तीन चाकांची सायकल होती, खुब्याच्या ऑपरेशननंतर घेतलेली. मागे टोपली. ती पडत नाही. मीनूने मला अंगणात चार दिवस ती चालवायला लावली.

त्या सकाळी मी दशम्या केल्या. आमच्याकडे प्रवासाला दशम्याच नेतात, कणीक दुधात भिजवलेली असल्यामुळे त्या प्रवासातही सोवळ्याला चालतात. परक्या घरात का होईना, वर्षाने पोळपाटाला हात लावला होता. एका नव्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, डब्यात ठेवून मी त्या टोपलीत ठेवायला गेले तर तिथे आधीच मीनूने माझं सामान ठेवलेलं. नवी पिशवी, पुसायचे कागद, कात्री. तिने एका निळ्या बटव्यात सगळं बांधलं होतं. दशम्यांना खेटून. मी तो बटवा उचलला आणि घराच्या पायरीवर ठेवला. म्हटलं, दोन तासांचा तर प्रश्न आहे.

रस्ता

रस्त्याबद्दल काय लिहू. ग्वाल्हेरला नई सडकवर चालताना मागून हॉर्न असा वाजतो की पाठीला चटका बसतो. इथे डांबरी मोठा रस्ता आणि त्यावर एक मोटार नाही. फक्त चेनचा आवाज, घंट्या आणि नदी. पण माणसं! एवढ्या घामट, उघड्या मांड्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. म्हातारे पुरुष घट्ट चड्ड्यांमध्ये, पोटं पुढे आलेली, पाठीवरून घाम ओघळतोय. जागोजागी मांस भाजत होते आणि लोक न धुतलेल्या हातांनी ते खात पुढे जात होते. मी नाक मुरडत पायडल मारत होते.

आणि तरीही पाय चालत होते. माझे पाय काड्यांसारखे झाले होते, तरी सायकल पुढे जात होती. थोडा उतार लागला तेव्हा वाऱ्याने ओढणी मागे उडाली आणि मी पायडल मारायची थांबले, तरी चाकं धावतच होती. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. मीनू बाजूने चालवत होती. "हळू आई! रेस लावायचीय का?" मी चक्क तिच्या पुढे गेले.

अकरा किलोमीटर झाले असतील. तेव्हा पोटापाशी गरम वाटलं.

वाकून बसल्यामुळे सलवारीची नाडी पिशवीच्या कडेवर दाबली जात होती. घामाने चिकटवलेली कड सुटली होती. मी हात लावून बघितला आणि हात ओला झाला. मी सायकल मळ्याच्या दगडी बांधाशी नेली आणि बसून राहिले.

"काय झालं?"

"काही नाही. तू पुढे हो."

"पुढे कुठे हो? थांबलीस का मग?"

मी कुर्ता पोटावर ओढून घेतला. मग विचारलं, "वास येतोय का?"

मीनूने नाक वर केलं. तिचं तोंड वाकडं झालं. "येतोय," ती म्हणाली.

वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी हो म्हटलं. मला रडू आलं.

"रडू नकोस, बटवा काढ. बास्केटमध्ये आहे ना?"

"पायरीवर आहे."

"पायरीवर क्यों?"

"दशम्या होत्या ना तिथे."

मीनू म्हणाली, "आई, ते सीलबंद होतं. नवं. फॅक्टरीतून आलेलं. त्याला काय शिवलंय?"

"तरी."

"तरी क्या तरी!" ती इतक्या जोराने ओरडली की दोन सायकलवाले वळून बघायला लागले.

मी म्हटलं, "कोणाची तरी गाडी बोलाव."

"कुठून बोलावू? सहापर्यंत रस्ता बंद आहे. गाड्या नाहीत म्हणूनच तर आलोय ना आपण! ॲम्ब्युलन्स येईल फक्त. बोलावू?"

"त्यापेक्षा मी नदीत उडी घेते."

"सायकलसकट नको घेऊस. ती मार्थाची आहे."

बांधामागे अवजारांचं एक छोटं लाकडी खोपट होतं. मीनूने त्याच्यापुढे सायकल आडवी लावली, मला तिच्या मागे उभं केलं आणि कुर्ता वर धरायला सांगितला. मी म्हटलं, "तू नको बघू. तुला शिसारी येईल. मी करते." पण एका हाताने जमेना आणि कुर्ता सोडला की सगळं त्याला लागत होतं. तिने जुनी पिशवी सोडवली. तिने पाहिलं.

"ई," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "असं असतं होय."

"आली ना किळस?"

"आली. खूप आली. लहान बाळाचं करतात तसंच आहे वगैरे मी नाही म्हणणार. घाण आहे. धर हे."

प्यायच्या पाण्याच्या बाटलीने तिने धुतलं. माझ्या ओढणीचा अर्धा भाग फाडून पुसलं. मध्येच दोनदा ती बाजूला जाऊन लांब श्वास घेऊन आली, आणि दोन्ही वेळा परत आली. मार्थाच्या सायकलच्या सीटखाली मलमपट्टीची डबी निघाली, त्यात चिकटपट्टी होती. पण लावायचं काय?

मीनूने डबा उघडला. दशम्या झाकणात काढल्या आणि ती प्लास्टिकची पिशवी झटकली.

"मीनू, नको. अन्नाची आहे."

"दुसरी आहे का?"

नव्हती. तिने त्या पिशवीचं तोंड माझ्या पोटावर चारी बाजूंनी चिकटवलं आणि वरून उरलेली ओढणी घट्ट गुंडाळली. ज्या दशम्यांना बटव्याची सावली नको म्हणून मी बटवा घरी ठेवला त्यांचीच पिशवी माझ्या पोटावर होती. बांधापलीकडून घंट्या वाजवत लोक जात होते.

मीनूने खिशातल्या बाटलीतलं वासाचं जंतुनाशक हाताला चोळलं, मलाही दिलं, आणि गवतावर बसून एक दशमी उचलली. मी विचारलं, "तुला जाते तरी कशी आत्ता?"

"भूक लागलीय. अकरा किलोमीटर सायकल चालवलीय. तूही चालवलीयस. खा."

"खाल्लं की पुन्हा होतं."

"होऊ दे. पिशवी मोठी आहे. पाच दशम्यांची."

मला हसू आलं. हसताना पोट दाबून धरावं लागलं, चिकटपट्टी सुटेल म्हणून. मग मी खाल्ली. अंगाला वास येत होता, किळस तशीच होती, घशाशी येत होतं, आणि भूकही लागली होती. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. दीड दशमी खाल्ली. मग ते अकरा किलोमीटर परत आले, कारण आणायला कोणीच येऊ शकत नव्हतं. पाय माझेच चालवावे लागले.

जिला पिशवी आहे तिला

सलवारीची किंवा परकराची नाडी पिशवीच्या वर बांधावी, तिच्यावर नाही. बटवा बरोबर ठेवावा, अन्नाला खेटून ठेवावा लागला तरी ठेवावा. उपाशी राहून पिशवी कोरडी ठेवू नये, त्यात आपणच संपतो. आणि घरात एक माणूस असं शोधावं जे "वास येतोय" असं तोंडावर सांगेल. जे "छे, कुठे काय" म्हणतात त्यांना प्रेम असतं, पण त्यांच्याजवळ आपण आणखी घाणेरडे होतो.

किळस जाईल असं मी लिहिणार नाही. माझी गेलेली नाही. सकाळी पिशवी उघडताना अजून तोंड फिरवते. मग करते.

घरी

ग्वाल्हेरला परत आले तेव्हा माझं वजन चव्वेचाळीस होतं. हे स्टेशनवर मला बघून म्हणाले, "अरे, गाल आले की!" आणि लाजून सामान उचलायला लागले.

पहिल्याच दुपारी अक्कांनी माझं ताट मागच्या खोलीत ठेवलं. अर्धी पोळी, नेहमीसारखी. मी ते ताट उचललं आणि टेबलापाशी आले. हे आणि अक्का जेवायला बसले होते. मी तिसऱ्या खुर्चीवर बसले. अक्कांनी स्वतःचं ताट चार बोटं पलीकडे सरकवलं. ते मला दिसलं, त्यांना माझं दिसलेलं दिसलं.

मी म्हटलं, "अक्का, आणखी एक पोळी वाढा. आणि वरण."

हे घास तोंडाशी धरून थांबले. मी जेवताना काही मागितल्याचं त्यांनी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

अक्का हळूच म्हणाल्या, "सुमन, एवढं जाईल तुला? नाही म्हणजे... मग ते भरेल ना गं?"

"भरू द्या," मी म्हटलं. "भरली की रिकामी करीन."

अक्कांनी पोळी वाढली, उंचावरून, हात लागू नये अशी. ती ताटात पडली. मी वरणात बुडवून खाल्ली.